जस्त, भस्म आणि घराण्याचा वारस

ग्वाल्हेरच्या शिंदे घराण्याचा इतिहास वाचताना एक गोष्ट चटकन ध्यानात येते. महादजी शिंदे १७९४ मध्ये वारले तेव्हा त्यांना पुत्र नव्हता. त्यांच्या भावाचे नातू दौलतराव गादीवर आले. दौलतराव १८२७ मध्ये निपुत्रिक वारले आणि बायजाबाईंनी जनकोजीरावांस दत्तक घेतले. जनकोजीराव १८४३ मध्ये निपुत्रिक वारले आणि ताराबाईंनी बालवयातील जयाजीरावांस दत्तक घेतले. म्हणजे लागोपाठ तीन वेळा ही गादी बापाकडून पोटच्या मुलाकडे गेलीच नाही. बडोद्यास १८७५ मध्ये जमनाबाईसाहेबांनी नाशिक जिल्ह्यातील कवळाण्याच्या गोपाळरावांस दत्तक घेतले आणि सयाजीराव तिसरे यांच्या रूपाने त्या संस्थानाचे भाग्य उजळले. सातारा, झाशी आणि नागपूर या राज्यांच्या नशिबी मात्र डलहौसीची खालसा-नीती आली. दत्तकाचा हक्क संस्थानिकांना सनदांनी मान्य झाला तो १८६२ मध्ये, म्हणजे सत्तावनची आग विझल्यानंतर.

या राजपुरुषांना पुत्र का झाले नाहीत, याचे निदान करण्याचा आमचा मुळीच इरादा नाही. त्या काळी कित्येक मुले पाळण्यातच जात. झाशीच्या राणी लक्ष्मीबाईंचा मुलगाही असाच तान्हेपणी गेला. आम्हाला वेगळीच गोष्ट सांगायची आहे. दत्तकविधानाचे एवढे कागद झाले, एवढ्या सनदा झाल्या, परंतु 'दोष पुरुषाच्या ठिकाणी असू शकेल काय' हा प्रश्न उघडपणे विचारल्याचे त्यांत आमच्या पाहण्यात आलेले नाही. आणि जे राजवाड्यांत, तेच आम्हा सामान्यांच्या वाड्यांतही.

आमची सारी नोकरी मध्य प्रदेश शासनाच्या महसूल खात्यात गेली. नामांतरणाची शेकडो प्रकरणे आमच्या टेबलावरून गेली असतील. तेथील जुन्या दफ्तरात एक शब्द वारंवार भेटे: 'लावल्द फौत', म्हणजे अपत्यावाचून मृत. फारसी वळणाचा हा शब्द पुरुष खातेदारालाही बिनदिक्कत लावलेला असे. सरकारी कागदावर पुरुष लावल्द असू शकत होता. घरी मात्र वांझ असे ती फक्त बाई. मराठीत 'वांझोटा' हा पुल्लिंगी शब्द आहे खरा, परंतु तो आम्ही झाडाला किंवा निष्फळ चर्चेला लावलेला ऐकला आहे, कोणा गृहस्थाला लावलेला ऐकला नाही. 'षंढ' आणि 'नपुंसक' या शब्दांचा अर्थ निराळा. धडधाकट, कर्तासवरता, संसारी पुरुषही अपत्य होण्यास असमर्थ असू शकतो, ही कल्पना मावेल असा शब्दच आमच्या घरगुती बोलीत नव्हता.

लष्करातील आमच्या वाड्यात धाकट्या काकांचे लग्न १९५८ मध्ये झाले. पाच-सहा वर्षे झाली तरी पाळणा हलेना, तेव्हा काकूंची सोळा सोमवारांची व्रते सुरू झाली, औदुंबराच्या प्रदक्षिणा सुरू झाल्या, आणि पुढे दवाखान्यात दोनदा 'पिशवी साफ' करून झाली. आजीने काकांच्या दुसऱ्या लग्नाचा विषय एकदा काढला होता. तो पुढे गेला नाही याचे श्रेय आमच्या घराच्या उदारपणाला नसून १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याला आहे. काकांसाठी एका वैद्यांकडून भस्माच्या पुड्या येत. सकाळी मधात खलून ते भस्म काका घेत आणि वर दूध पीत. एवढेच काकांचे औषध. त्यांची तपासणी करावी असे कोणाच्या मनात आले नाही, किंवा आले असले तरी ओठांवर आले नाही.

गेल्या दिवाळीत आमच्याच आप्तांपैकी एका तरुण दांपत्याकडे जाणे झाले. लग्नाला चार वर्षे झालेली. सुनेच्या तपासण्यांची जाड फाइल होती. मुलाच्या बाजूला होती ती जस्त, सेलेनियम आणि जीवनसत्त्वे असलेल्या गोळ्यांची एक महागडी बाटली. 'तपासणी झाली का?' असे विचारताच तो म्हणाला, 'त्याची काय गरज? हे घेतोय ना.' आम्हाला एकदम काकांच्या पुड्या आठवल्या. पन्नास-साठ वर्षांत पुडीची बाटली झाली होती, बाकी सारे तेथेच होते. तेव्हा या पुडीचा आणि बाटलीचा इतिहास शोधावा असे वाटले. जे हाती लागले ते वाचकांपुढे ठेवीत आहोत.

प्रथम आपल्या जुन्या ग्रंथांकडे वळू. ते याबाबतीत मुके होते असा समज असेल तर तो चुकीचा आहे. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानातील दुसरा अध्याय शुक्र आणि आर्तव या दोहोंच्या शुद्धीविषयी आहे. ज्यांमुळे अपत्य होत नाही असे शुक्राचे आठ दोष तेथे सांगितले आहेत. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानातही शुक्राचे आठ दोष निराळ्या नावांनी येतात. आयुर्वेदाच्या आठ अंगांपैकी 'वाजीकरण' हे एक संपूर्ण अंगच पुरुषाच्या या सामर्थ्याविषयी आहे. सूक्ष्मदर्शक हाती नसताना त्या आचार्यांनी रंग, गंध आणि घट्टपणा यांवरून जेवढे ठरवता येईल तेवढे ठरवले. त्यांचे निदान आजच्या कसोटीला उतरेल असे नाही. परंतु दोष पुरुषातही असतो, हे त्यांनी निःसंकोच लिहून ठेवले होते. पुढच्या पिढ्यांनी वाजीकरणाची औषधे तेवढी उचलली आणि दोषांची यादी पोथीतच ठेवली. वाड्यात पुडी आली, प्रश्न आला नाही.

पुडीतील धातूंची कथाही मनोरंजक आहे. रसशास्त्राच्या परंपरेत प्रमेहावर आणि शुक्रदोषांवर मुख्यतः वापरले गेले ते वंगभस्म, म्हणजे कथलाचे भस्म. जसदभस्म, म्हणजे जस्ताचे भस्म, प्रमेहावर दिले जाई, पण त्याची विशेष ख्याती नेत्ररोगांसाठी. आज आपण जाणतो की कथील हे माणसाच्या शरीराला आवश्यक असल्याचे सिद्ध झालेले नाही. जस्त मात्र अत्यावश्यक आहे, आणि पुरुषाच्या प्रजननसंस्थेत तर फारच. म्हणजे दोन्ही धातू कपाटात शेजारी शेजारी असताना हात पडला तो कथलावर.

जस्त हाती येणे हेच मुळात मोठे कठीण काम होते. तांबे किंवा लोखंड यांप्रमाणे त्याची धातुकी भट्टीत घालून तळाशी रस मिळत नाही. कोळशाच्या साहाय्याने जस्त सुटे होण्यास सुमारे १००० अंश सेल्सिअस उष्णता लागते, आणि जस्त तर ९०७ अंशांनाच उकळते. म्हणून ते सुटते तेच वाफेच्या रूपात, आणि हवा लागताच पुन्हा जळून त्याची पांढरी राख होते. ही वाफ हवा लागू न देता थंड करण्याची युक्ती भारतीयांनी साधली. उदयपूरच्या दक्षिणेस जावर येथे वांग्याच्या आकाराच्या मातीच्या बंद कुप्या भट्टीत उलट्या मांडीत. वरून आच आणि खालच्या थंड कप्प्यात नळीवाटे उतरणारे जस्त, अशी ती रचना होती. 'रसरत्नसमुच्चय' या ग्रंथात वृंताक-मूषेचे, म्हणजे वांग्यासारख्या मुशीचे वर्णन आहे. ते वर्णन काल्पनिक नव्हे हे १९८० नंतरच्या दशकात सिद्ध झाले. बडोद्याचे महाराजा सयाजीराव विद्यापीठ, ब्रिटिश म्युझियम आणि हिंदुस्तान झिंक यांनी मिळून केलेल्या उत्खननात जावरला कुप्या मांडलेल्या स्थितीतील भट्ट्याच सापडल्या. विद्यापीठाच्या वतीने डॉ. के. टी. एम. हेगडे यांनी या कामात पुढाकार घेतला होता, ही गोष्ट बडोद्याच्या आमच्या वाचकांस विशेष आनंद देईल. युरोपात ब्रिस्टलच्या विल्यम चॅम्पियनने जस्त गाळण्याचे पेटंट घेतले ते १७३८ मध्ये. जावरच्या भट्ट्या त्यापूर्वी शतकानुशतके धगधगत होत्या.

म्हणजे धातू आपल्याकडे होता आणि पुरुषदोषाचे ज्ञानही होते. या दोहोंना जोडणारा दुवा मात्र यायला फार वेळ लागला, आणि तो भलत्याच वाटांनी आला.

१६७७ मध्ये हॉलंडमधील डेल्फ्ट गावच्या लेव्हेनहूक या कापडव्यापाऱ्याने स्वतः घासलेल्या भिंगातून वीर्याचा थेंब पाहिला आणि त्यात वळवळणारे असंख्य सूक्ष्म जीव त्यास दिसले. लंडनच्या रॉयल सोसायटीला हे कळवताना बिचारा इतका संकोचला की, विद्वानांना हे किळसवाणे वाटल्यास कागद खुशाल फाडून टाकावा, अशा आशयाचे त्याने लिहिले. शुक्रजंतू दिसले, पण ते मोजून पुरुषाच्या क्षमतेचा अंदाज बांधावा ही पद्धत वैद्यकात रुळण्यास आणखी अडीचशे वर्षे लागली. अमेरिकेत मॅकोंबर आणि सँडर्स यांचा शुक्रजंतूंच्या मोजणीवरील लेख १९२९ चा. याच सुमारास मुंबईत र. धों. कर्वे 'समाजस्वास्थ्य' मासिक काढीत होते. या विषयावर मराठीत मोकळेपणी लिहिल्याबद्दल त्यांना खटले सोसावे लागले, हे ध्यानात घेतले म्हणजे आमच्या वाड्यातील मौनाचे फारसे आश्चर्य वाटत नाही.

दुसरीकडे जस्ताचा शोध पुढे सरकत होता. १८६९ मध्ये फ्रान्समध्ये रोलँ याने काळ्या बुरशीला वाढण्यास जस्त लागते असे दाखवले. १९२१ मध्ये बर्त्राँ आणि व्लादेस्को यांना माणसाच्या प्रोस्टेट ग्रंथीत आणि वीर्यात जस्ताचे प्रमाण विलक्षण असल्याचे आढळले. १९३४ मध्ये उंदरांना जस्त अत्यावश्यक असल्याचे सिद्ध झाले. परंतु माणसाला जस्ताची कमतरता कधी पडेल, हे मात्र कोणी मान्य करीत नव्हते. जस्त तर सर्वच अन्नात असते, अशी समजूत होती.

ही समजूत मोडली ती एका भारतीयाने. डॉ. आनंद प्रसाद हे मूळचे बिहारमधील बक्सरचे. पाटण्यास वैद्यकीचे शिक्षण घेऊन ते अमेरिकेत गेले आणि तेथून १९५८ मध्ये इराणमधील शिराझ येथे अध्यापनासाठी आले. तेथे त्यांच्यापुढे एक रुग्ण आला. वय एकवीस, पण दिसावयास दहा वर्षांचा मुलगा. उंची खुंटलेली, मिसरूड फुटलेले नाही, जननेंद्रिये बालकासारखी, शरीरात रक्त नाही. आहार पाहिला तर जवळजवळ नुसती गव्हाची बिनआंबवलेली रोटी, आणि त्याच्या जोडीला भरपूर माती खाण्याची सवय. असे एकूण अकरा रुग्ण त्यांनी १९६१ मध्ये सहकाऱ्यांसह प्रसिद्ध केलेल्या निबंधात नोंदवले. रक्तातील लोह कमी होते हे उघड होते, पण लोहाच्या अभावाने यौवन थांबत नाही. मग आणखी काय कमी आहे? डॉ. प्रसादांना जस्ताचा संशय आला. पुढे कैरो येथे अशाच रुग्णांची तपासणी करून रक्तात आणि केसांत जस्त कमी असल्याचे त्यांनी १९६३ मध्ये दाखवले. या तरुणांना जस्त दिल्यावर त्यांची उंची झपाट्याने वाढू लागली आणि बारा ते चोवीस आठवड्यांत त्यांना यौवनाची लक्षणे आली. विसाव्या वर्षीही बालक राहिलेला तरुण काही महिन्यांत पुरुष झाला! संजीवनीची गोष्टच म्हणावी, पण तिला पुरावा होता.

त्या रोटीतही जस्त होतेच, मग कमतरता का पडली? धान्याच्या कोंड्यात फायटेट नावाचे द्रव्य असते. ते जस्ताला धरून ठेवते आणि आतड्यांतून शोषू देत नाही. पीठ आंबवले, कडधान्याला मोड आणले म्हणजे फायटेट बरेच कमी होते. आंबोळीचे पीठ रात्री भिजवणाऱ्या आणि उसळीसाठी मटकी फडक्यात बांधून ठेवणाऱ्या आमच्या आज्यांना हे रसायनशास्त्र ठाऊक नव्हते, पण त्यांच्या हातून ते घडत होते. धान्यप्रधान आहारात जस्त कमी शोषले जाते, म्हणूनच अमेरिकेत प्रौढ पुरुषास दररोज ११ मिलिग्रॅम जस्त पुरेसे मानतात, तर आपल्या भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने २०२० मध्ये हे प्रमाण १७ मिलिग्रॅम सांगितले आहे.

डॉ. प्रसादांचा शोध मान्य होण्यासही काळ लागला. अमेरिकेत जस्ताची दैनंदिन गरज अधिकृतपणे ठरवली गेली ती १९७४ मध्ये. पुढे १९८० मध्ये त्यांच्याच गटाने पाच स्वयंसेवकांना मुद्दाम अल्प जस्ताचा आहार दिला. त्यांच्या शुक्रजंतूंची संख्या घसरली, आणि जस्त पुन्हा दिल्यावर काही महिन्यांनी ती पूर्वपदावर आली. यावरून एक गोष्ट निर्विवाद ठरली की जस्त कमी पडले तर पुरुषाच्या जननक्षमतेस धक्का बसतो.

येथवरचा इतिहास सरळ आहे. पुढे मात्र त्याला जे वळण लागले ते सुज्ञ वाचकांनी बारकाईने पाहावे. 'जस्त नसेल तर शुक्रजंतू घटतात' या विधानावरून 'शुक्रजंतू घटले असतील तर जस्त द्यावे' असे लोक म्हणू लागले. ही दोन विधाने सारखी वाटतात, पण सारखी नाहीत. तेल नसेल तर दिवा विझतो हे खरे. परंतु विझलेला प्रत्येक दिवा तेलाअभावीच विझलेला नसतो. कधी वात संपलेली असते, कधी वारा असतो, कधी समईच फुटलेली असते. तेथे कितीही तेल ओतले तरी ते सांडूनच जाते.

तरीही आशेला आधार मिळेल असा एक प्रयोग २००२ मध्ये हॉलंडमधून प्रसिद्ध झाला. जननक्षमता कमी असलेल्या पुरुषांना सव्वीस आठवडे फॉलिक अॅसिड आणि जस्त एकत्र दिल्यावर त्यांच्या वीर्यातील निरोगी शुक्रजंतूंच्या संख्येत ७४ टक्के वाढ दिसली. हा आकडा औषधांच्या जाहिरातींना फार आवडला. परंतु शुक्रजंतूंची संख्या वाढणे आणि घरात मूल येणे यांत अंतर आहे, आणि ते अंतर त्या प्रयोगाने मोजले नव्हते. सेलेनियमबाबतही असेच घडले. शुक्रजंतूच्या घडणीत सेलेनियमयुक्त प्रथिनाचा मोठा भाग असतो, हे १९९९ मध्ये स्पष्ट झाले. त्यावरून सेलेनियमची गोळी सर्वांनीच घ्यावी, असा सल्ला निघाला.

शेवटी अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या पुढाकाराने मोठी परीक्षा झाली. वंध्यत्वावर उपचार घेण्यास आलेली २,३७० दांपत्ये २०१३ ते २०१७ या काळात तिच्यात सामील झाली. निम्म्या पुरुषांना दररोज ३० मिलिग्रॅम जस्त आणि ५ मिलिग्रॅम फॉलिक अॅसिड, तर उरलेल्यांना दिसावयास तशीच पण औषध नसलेली गोळी, असे सहा महिने दिले. शुक्रजंतू तयार होण्यास सुमारे अडीच महिने लागतात, हे ध्यानात घेता हा अवधी पुरेसा होता. २०२० च्या जानेवारीत निष्कर्ष प्रसिद्ध झाले. जस्त घेतलेल्यांच्या गटात ३४ टक्के दांपत्यांना मूल झाले, न घेतलेल्यांच्या गटात ३५ टक्के. शुक्रजंतूंची संख्या, गती आणि आकार यांतही फरक नव्हता. उलट शुक्रजंतूंतील डीएनए तुटण्याचे प्रमाण गोळी घेणाऱ्यांत किंचित अधिक निघाले, आणि पोटदुखी, मळमळ, उलटी यांच्या तक्रारीही त्यांच्यातच अधिक होत्या.

न्यायाने सांगायचे तर, या परीक्षेतील पुरुषांची निवड जस्ताची कमतरता पाहून केलेली नव्हती. म्हणून शिराझच्या त्या तरुणांची कथा तिने खोटी ठरत नाही. ज्याला खरोखर कमतरता आहे त्याला जस्त आजही संजीवनीच आहे. ज्याला नाही, त्याला ती केवळ पुडी आहे. आणि पुडी नेहमीच निरुपद्रवी असते असेही नाही. प्रौढ माणसाने दिवसाला ४० मिलिग्रॅमहून अधिक जस्त दीर्घकाळ घेऊ नये अशी मर्यादा अमेरिकन तज्ज्ञांनी घातली आहे, कारण अतिरिक्त जस्तामुळे शरीरातील तांबे घटते आणि त्यातून रक्ताचे व मज्जातंतूंचे विकार उद्भवतात.

भस्मांबाबत तर अधिकच सावध असावयास हवे. 'त्रिवंग' नावाचे भस्म प्रमेहावर आणि शुक्रदोषांवर देण्याची परंपरा आहे. त्यातील तीन धातू म्हणजे वंग, जसद आणि नाग. यांपैकी नाग म्हणजे शिसे. शास्त्रोक्त शोधन-मारण झालेले भस्म निर्धोक असते असे वैद्यांचे म्हणणे आहे, आणि त्या वादात निवाडा देण्याचा आम्हाला अधिकार नाही. परंतु रुमानियात शिशाशी काम करणाऱ्या कामगारांची पाहणी १९७५ मध्ये प्रसिद्ध झाली, तीत शरीरातील शिसे वाढले की शुक्रजंतू बिघडतात असे दिसले. २००४ मध्ये बॉस्टनच्या दुकानांतून घेतलेल्या ७० आयुर्वेदिक औषधांपैकी १४ औषधांत शिसे, पारा किंवा सोमल सापडले. पुत्रासाठी घेतलेल्या पुडीनेच पुत्राची वाट अडवावी, याहून मोठा दैवदुर्विलास कोणता?

मग उपाय कोणता? तो फार साधा आहे आणि म्हणूनच अवघड आहे. आधी तपासणी. अपत्य न होणाऱ्या दांपत्यांपैकी सुमारे निम्म्यांत पुरुषाच्या बाजूचे कारण, एकटे किंवा स्त्रीच्या कारणाच्या जोडीने, आढळते. ही तपासणी स्त्रीच्या तपासण्यांच्या मानाने स्वस्त, बिनवेदनेची आणि एका दिवसाची आहे. जागतिक आरोग्य संघटनेने तिची नियमपुस्तिका १९८० मध्ये प्रथम काढली आणि २०२१ मध्ये तिची सहावी आवृत्ती आली. तपासणीत कळणारी कारणेही अनेक: वृषणाच्या फुगलेल्या शिरा, वाहिनीतील अडथळा, जन्मजात गुणसूत्रदोष, लहानपणचा आजार, तंबाखू, मेदवृद्धी, फार उष्णतेत काम. यांतील काहींवर शस्त्रक्रिया आहे, काहींवर सवय सोडणे हाच इलाज आहे. एकच शुक्रजंतू सुईने स्त्रीबीजात सोडून गर्भ वाढवण्याची युक्तीही १९९२ पासून जगाला ठाऊक झाली आहे. काहींवर इलाज नाही. पण तेव्हा निदान तेवढे तरी कळते, आणि दत्तकाचा निर्णय वेळीच घेता येतो.

आमच्या काकांना ते कळले १९७६ मध्ये. एका डॉक्टरांनी आग्रह धरला म्हणून तपासणी झाली. अहवाल आणण्यास आम्हालाच सायकलवर पाठवले होते. आम्ही तेव्हा शाळेत होतो आणि बंद पाकिटात काय आहे याची आम्हाला कल्पना नव्हती. काकांनी ते पाकीट खोलीचे दार लावून वाचले. त्यात शुक्रजंतूंची संख्या शून्य होती. पंधराव्या वर्षी काकांना गालगुंडाचा जबर आजार झाला होता आणि तो वृषणांवर उतरला होता. डॉक्टरांच्या मते कारण बहुधा तेच असावे. म्हणजे लग्नापूर्वीच सारे ठरून गेले होते. काकूंची व्रते, प्रदक्षिणा आणि दोन वेळच्या त्या दवाखान्यातील यातना यांचा मूळ कारणाशी काडीचाही संबंध नव्हता.

आम्हाला ही हकीकत काकूंनी सांगितली ती काका गेल्यावर, आम्ही स्वतः सेवानिवृत्तीच्या जवळ आलो होतो तेव्हा. आम्ही विचारले, 'काकू, मग आजीला का नाही सांगितलेत? ती तर शेवटपर्यंत तुम्हालाच बोलत राहिली.' काकू म्हणाल्या, 'अरे, मला बोलणी खायची सवय झाली होती. त्यांना नव्हती.' अहवालानंतरही तीन-चार वर्षे काका भस्म घेत राहिले, हेही त्यांनीच सांगितले. पुडी बंद केली असती तर का बंद केली हे घरात सांगावे लागले असते.

जस्ताने शिराझच्या तरुणांना यौवन दिले, ते डॉ. प्रसादांनी आधी रुग्ण पाहिला, त्याच्या ताटात काय आहे ते विचारले, त्याचे रक्त तपासले आणि मग औषध दिले म्हणून. डॉ. प्रसाद २०२२ मध्ये निवर्तले. त्यांच्या शोधाच्या नावावर आज ज्या बाटल्या खपतात, त्या घेताना त्यांनी चोखाळलेला क्रम मात्र उलटा केला जातो. औषध आधी, तपासणी कधीच नाही.

त्या तरुण आप्तास आम्ही काकांची ही हकीकत सांगितली. तो बराच वेळ काही बोलला नाही. संक्रांतीच्या सुमारास त्याचा फोन आला की तपासणी झाली, दोष निघाला आहे, पण उपचार होण्यासारखा आहे. पुढे काय होईल ते होवो. आमच्या दृष्टीने त्या घरातील जाड फाइल आता दोघांची झाली, हेच मोठे. आमच्या वाचकांच्या घरी अशी एखादी पुडी किंवा बाटली असेल, तर ती उघडण्यापूर्वी मुलाला एवढेच विचारावे: तपासणी झाली का? हा प्रश्न आमच्या वाड्यात अठरा वर्षे उशिरा विचारला गेला.